मधला बांध कुणाचा

तावडेकाका माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते भर सभेत, आणि माझ्या भाषणाची पार हवा काढून.

घाटकोपरच्या दगडखाणीच्या वर आमची वाडी. तिथे गणपतीच्या मांडवाला ठेवलेल्या मोकळ्या जागेत आम्ही पाण्यासाठी सभा घेतली होती. मी तेव्हा विशीतली. पत्रक मीच लिहिलं होतं, सायक्लोस्टाइल करून वाटलंही मीच होतं, आणि आता तेच पत्रक टिपेच्या आवाजात वाचून दाखवत होते. घरोघरी नळ, चोवीस तास पाणी, कारंज्यांना पाणी देणाऱ्या साहेबांचा धिक्कार, टँकरवाल्यांचा धिक्कार. लोक टाळ्या देत होते. शेवटची घोषणा झाली आणि मागच्या रांगेतून एक हात वर आला. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, शर्टाच्या खिशात बारीकसं पुस्तक, आणि चेहरा असा की आत्ता कुणीतरी रागावणार आहे.

"बाय, सोमवारी सकाळी कोण काय करतलो?"

आमच्या युवक गटाचा पुढारी विलास माझ्या शेजारी उभा होता. तो म्हणाला, "काका, हा लढा आहे. लढ्याचं टाइमटेबल नसतं."

"हां हां," म्हणत ते खाली बसले. "मी आपलो इचारलंय. माका भय वाटता, म्हणान."

सगळे हसले. मला एवढा संताप आला होता की मी त्यांच्याकडे पुन्हा बघितलंही नाही. पण घरी जाताना ते वाक्य डोक्यातून जाईना. सोमवारी सकाळी कोण काय करणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी डोक्यावर हंडा घेऊन खाणीच्या कडेकडेने टेकडी चढणार होते.

तावडेकाका वाडीतले नव्हते. टेकडीच्या पायथ्याला, आग्रा रोडच्या बाजूला एक चाळ होती, तिथे ते आणि काकी राहायचे. त्यांच्या चाळीत नळ होता. म्हणजे पाण्याच्या लढ्यात त्यांचं काहीच अडलेलं नव्हतं. मुलुंडच्या एका कारखान्यात कामाची आखणी करणाऱ्या खात्यात नोकरी. मूळचे मालवणकडचे. सावरलेले असले की शाळामास्तरासारखं शुद्ध मराठी बोलायचे, घाबरले की मालवणीवर यायचे. त्यामुळे त्यांच्याशी बोलताना ते किती घाबरलेत हे विचारावं लागायचं नाही. घराला कुलूप लावून निघाले तरी जिन्यावरून परत येऊन ओढून बघायचे. बसचं तिकीट उतरेपर्यंत मुठीत. काकी म्हणायच्या, "ह्यांका लग्नात अक्षता पडल्या तेव्हासुद्धा वाटलेला, काय दगडच पडले."

अशा माणसाला मी पुन्हा भेटायला गेले, ते वहिनीमुळे.

माझी वहिनी आदल्या वर्षी खाणीकडच्या त्याच उतारावर भरलेल्या हंड्यासकट घसरली होती. सहावा महिना होता. मूल राहिलं नाही. आता तिला पुन्हा दिवस गेले होते. दादा शिफ्टला, आईचे गुडघे गेलेले, मी कॉलेज आणि मोर्चे यांत. हंडा उचलायचा नाही असं आम्ही तिला सतरा वेळा बजावलं होतं. पण घरातल्या घागरीचा तळ दिसला की ती कुणाला न सांगता कळशी उचलायची. आणि आमच्या टेकडीच्या पायथ्याशी, महापालिकेच्या कंपाउंडच्या आत, शहराला पाणी नेणारा काळा अजस्र नळ आडवा पडलेला. त्याला कान लावला तर आत पाणी धावताना ऐकू यायचं. हे मी पत्रकात लिहिलं होतं. लिहून वहिनीची एक कळशीही कमी झाली नव्हती.

एक दिवस मी त्यांच्या दारात जाऊन म्हटलं, "काका, तुम्ही सभेत विचारलंत ते ठीक. आता उत्तरही सांगा."

त्यांनी आधी बाहेर बघितलं, मग मला आत घेतलं. काकींनी चहा ठेवला. काकांनी खिशातलं पुस्तक काढून पाटावर ठेवलं. पोथीपेक्षा बारीक. मुखपृष्ठ कधीच गळून गेलेलं. कारखान्यात त्यांना सुपरवायझर केलं तेव्हा मिळालेलं होतं ते. मोठं काम लहान कामांत कसं विभागायचं याचं मार्गदर्शन. कुणीतरी इंग्रजीवरून भाषांतर केलेलं, त्यामुळे मराठी अशी की वाचताना दात आंबावेत.

"मला बढती दिली तेव्हा मी आजारी पडलो," ते म्हणाले. "खरंच सांगतो. एवढ्या माणसांचं काम माझ्या अंगावर, या विचाराने जेवण जाईना. मग हे मिळालं. यात अक्कल फार नाही. पण झोप आहे."

मी पुस्तक चाळलं. चौकटी, बाण, कामाखाली काम, त्याखाली आणखी काम. मी म्हटलं, "हे मालकांचं पुस्तक आहे. कामगारांकडून काम काढून घ्यायचं."

"असेल," ते शांतपणे म्हणाले. "सुरी खाटकाचीही असते आणि काकीचीही. तू वाच तर."

मी त्यांच्या उंबऱ्यावर बसून ते पुस्तक शिकले. पंधरवडाभर, कॉलेजातून आलं की. शिकवण्याची त्यांची पद्धत एकच होती. मी काम म्हणून काहीतरी सांगायचं आणि त्यांनी ते नाकारायचं.

"पाणी मिळवणं," मी म्हटलं.

"ही आरोळी झाली. काम सांग."

"वॉर्ड ऑफिसवर मोर्चा नेणं."

"मोठं आहे."

"अर्ज देणं."

"कुणी? कुठल्या टेबलावर? आधी काय विचारून?"

"काका, तुम्ही छळता."

"तुका भय वाटता मा त्या ऑफिसाचा? खरा सांग." मी कबूल केलं की वाटतं. मोर्चात नाही वाटत, एकटीने आत जाताना वाटतं. "मगे अजून मोठा आसा. फोड. ज्या तुकड्याची भीती वाटत नाही तिथपर्यंत फोडत जायचं. भीती संपली की समज, काम हाताएवढं झालं."

हे पुस्तकात नव्हतं. मी नंतर शोधलं. पुस्तकात कामाचे तास, माणसं, अवजारं अशी मापं होती. भीती हे माप काकांचं स्वतःचं.

तर सोमवारी सकाळी काय झालं, तर मी वॉर्ड ऑफिसात गेले आणि एकच प्रश्न विचारून बाहेर आले. नळजोडणीचं कोण बघतं? दुसऱ्या दिवशी त्या माणसाला एक प्रश्न. टेकडीवर पाणी चढतं का? तो वैतागून म्हणाला, "मधल्या सपाटीपर्यंत चढेल, त्याच्या वर दाब नाही." तिसऱ्या खेपेला कळलं की पायथ्याशी जोडणी मिळू शकते, पण वर पाइप न्यायचा तर चर तुम्ही खणा, आणि पावसाळा लागला की खोदकाम बंद, मग बघू दिवाळीनंतर. दिवाळीनंतर म्हणजे वहिनीचं बाळंतपण होऊन गेल्यावर. मी बाहेर येऊन जिन्यावर बसले. हातात पहिल्यांदा पत्रकाशिवाय काहीतरी होतं.

गटात मात्र राडा झाला. विलास म्हणाला, "घरोघरी नळ मागायचे सोडून एक सार्वजनिक नळ? अर्ध्या टेकडीवर? ही तर भीक झाली यार. आणि ती सपाटी नेमकी तुझ्या दारात, नाही का गं?"

ते खरंच होतं. आमचं घर सपाटीला लागूनच. काका कोपऱ्यात बसले होते, ते उठले. "विलासराव, घरोघरी नळ हवेतच. पण पाणी उडी मारत नाही. सपाटीवरूनच वर जाणार."

"तुम्ही गप्प बसा हो तुकडेवाले. लढ्याचे तुकडे करणारी माणसं आम्ही ओळखतो."

ते बसले. तेव्हापासून वाडीत त्यांचं नाव तुकडेवाले पडलं. मी विलासशी महिनाभर बोलले नाही. अजूनही मला वाटतं की मागणी मोठी ठेवण्यात तो चुकला नव्हता. पण माझी वहिनी त्या मोठ्या मागणीखाली कळशी घेऊन चढत होती, हे त्याला दिसत नव्हतं, आणि हे मी त्याला तोंडावर सांगितलं.

त्या दिवसांतच मी काकांना विचारलं होतं, तुम्ही का पडलात यात? तुमच्याकडे तर नळ आहे. ते चष्मा पुसू लागले. म्हणाले, "तुमच्या बायका सकाळी आमच्या नळावर येतात. आमच्या बायका त्यांना हाकलतात. ते भांडण माझ्या खिडकीखाली होतं. ऐकवत नाही मला." मग खालच्या आवाजात, "तुझी वहिनी पडली तेव्हा तिला आमच्या नळावरून हाकलून दिलेला. ती पाणी आणूक खाणीच्या वाटेन गेली. मी खिडकीत होतंय. खाली जाऊन एक शबुद बोलूक माका जमला नाय."



जोडणी मंजूर झाली. वर्गणीतून पाइप आले. आता चर. टेकडी मुरमाची आणि मध्ये मध्ये काळा दगड. काकांनी चराचे तुकडे पाडले, आणि तुकडे कुणाला द्यायचे हे वाडीने ठरवलं. आमच्याकडे कुठलंही काम वाटायचं म्हणजे गावकरी मंडळांना वाटायचं. गणपतीत तसंच, मयतीत तसंच. खालचा उतार राजापूरकरांना, त्याच्या वरचा देवगडकरांना, मग कणकवलीवाले, आणि सपाटीजवळचा आमच्या मालवणकरांना. चुन्याच्या रेघा मारल्या. नारळ फुटला. आणि माणसं अशी कामाला लागली की बघत राहावं. खाणीवर राबणारे रविवारी सुट्टीच्या दिवशी पुन्हा घण उचलत होते. राजापूरकर ओरडायचे, "देवगडकर, झोपलास काय रे?" देवगडकर म्हणायचे, "तुमचा चर हा की कुत्र्यान उकरलला?" काका छत्री घेऊन वरून खाली, खालून वर. चेहऱ्यावर पहिल्यांदा मी हसू बघितलं. म्हणाले, "बघ. एवढं मोठं काम, आणि कुणालाच भीती वाटत नाही."

मे महिना सरत आला. प्लंबर इब्राहिमभाई पाइप टाकायला आला. चराच्या कडेने एकदा वर गेला, एकदा खाली आला, आणि बिडी पेटवून बसला.

"तावडेसाब, मेरा पाइप बकरी नहीं है."

"काय झालं?"

"कूदेगा कैसा? बीच बीच में दीवार छोडा है तुम लोग ने."

आम्ही जाऊन बघितलं. प्रत्येक दोन मंडळांच्या हद्दीवर, चुन्याच्या रेघेच्या जागी, मातीचा एक पट्टा जसाच्या तसा उभा. राजापूरकर रेघेच्या अलीकडे थांबले होते, देवगडकर पलीकडे. तसंच वर, आणि त्याच्याही वर. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, तरी सगळ्यांनी तेच केलं होतं. कोकणातला माणूस शेजाऱ्याच्या शेतालगत खणताना बांध ठेवतो. बांधाला कुदळ लावली की तीन पिढ्या कोर्टात जातात. घाटकोपरच्या सरकारी टेकडीवर कुणाच्या बापाची जमीन नव्हती, तरी हात आपोआप थांबले होते.

काकांचा चेहरा मातीच्या रंगाचा झाला. ते तिथेच दगडावर बसले, पुस्तक काढलं, आणि मागून पुढे पानं उलटू लागले. मी बाजूला उभी. शेवटी पुस्तक मांडीवर पालथं घातलं.

"फोडूचा सगळा आसा ह्यात," ते म्हणाले. "सांध्याचा पान नाय गो. दोन कामांच्या मधला कोणाचा, ह्या मी कोणाकच सांगूक नाय."

बांध म्हणजे काय, हातभर माती. आपण म्हणू, अर्ध्या दिवसाचं काम. पण राजापूरकर म्हणाले, बांध देवगडकरांच्या बाजूचा. देवगडकरांचा बाबू म्हणाला, "आमचो तुकडो पुरो झालो. बांधाक हात लावलो तर उद्या म्हणशात, देवगडकरांनी हद्द चोरली." त्यात तिथला बांध नुसता मातीचा नव्हता, खाली काळा दगड होता. शब्दाला शब्द लागला. गेल्या शिमग्याचं कुठलंसं भांडण वर आलं. ढग रोज दुपारी भरून येत आणि जात होते. मी दोन्ही मंडळांना जाऊन वाटेल ते बोलले. तुमच्या हद्दीपायी बायका मरतील, म्हटलं. राजापूरकरांचा गोपाळ म्हणाला, "तू पत्रक लिही गं, आमचं आम्ही बघतो."

त्याच संध्याकाळी मी कॉलेजातून येत होते, तर खाणीच्या वळणावर वहिनी दगडाला टेकून बसलेली. कळशी बाजूला, निम्मी सांडलेली. एक हात पोटावर. "घसरले नाही," ती घाईघाईने म्हणाली. "नुसती कळ आली. दादांना सांगू नकोस." मी तिला धरून वर नेलं. पूर्ण वाटभर ती मलाच धीर देत होती.

मी ती गोष्ट काकांना सांगितली. त्यांनी ऐकलं, उठले, चपला घातल्या. कुलूप लावलं नाही.

राजापूर आणि देवगड या दोन्ही मंडळांची माणसं कामावरून येऊन बांधाशी बसली होती, एकमेकांना पाठ करून. काका मध्ये जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "चूक माझी. मी वाटणी केली, बांध कुणाला दिला नाही. आता देतो. बांध एका मंडळाचा नाही. एक माणूस याचा, एक त्याचा. एकाने पहार धरायची, दुसऱ्याने घण घालायचा."

खाणीवर राबलेल्यांना याचा अर्थ सांगावा लागत नाही. पहार धरणारा आपले हात दुसऱ्याच्या घणाखाली ठेवतो. ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्यासाठी कुणी पहार धरत नाही. कुणी उठलं नाही.

बाबू हसला. "काका, ह्याच्या घणाखाली मी हात घालू? त्यापेक्षा थेट हातपाय तोडून देतंय."

"बरां," काका म्हणाले. त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या, बांधाशी उकिडवे बसले आणि पहार दोन्ही हातांनी धरली. "मगे मी धरतंय. गोपाळ, मार."

गोपाळ घण घेऊन उभा राहिला. काकांचे हात असे थरथरत होते की पहारीचं टोक दगडावर टकटक वाजत होतं. डोळे गच्च मिटलेले.

"काका, सोडा. हात हलतोय तुमचा."

"हलतलोच तो. तू मार. पण सांगान मार."

"मारतो हां," म्हणत गोपाळने पहिला घाव घातला. दगडाची कपची उडाली. "मारतो काका." दुसरा. प्रत्येक घावाआधी तो सांगत होता, आणि प्रत्येक वेळी काका मान खाली घालून "हां" म्हणत होते. असे किती घाव झाले, मोजायचं भान कुणाला. मग बाबू उठला. काकांच्या बखोटीला धरून त्याने त्यांना बाजूला केलं.

"उठा. तुमचा रक्तदाब आमच्या गळ्यात नको." पहार त्याने स्वतः धरली आणि वर बघून गोपाळला म्हणाला, "चुकलास तर बायकोक माझ्या तू पोसतलंस."

"तुझी बायको माझ्या हातचं खाईल का विचार आधी," गोपाळ म्हणाला. "मारतो."

वरचे बांध मग पटापट गेले. सगळीकडे एक याचा, एक त्याचा. पाइप पडला, सांधे आवळले, पाऊस लागायच्या आत चर बुजला.

तावडेकाका गेल्या वर्षी गेले. कारखान्यातून आले, चहा मागितला आणि खुर्चीत बसल्या बसल्या गेले. भ्यायला वेळच मिळाला नाही, असं काकी म्हणाल्या, आणि मग रडल्या. सपाटीच्या वर अजून पाणी नाही, त्यासाठी आम्ही अजून भांडतो आहोत, विलास आणि मी एकाच पत्रकावर. मागणी आम्ही छोटी करत नाही. पण कामं वाटून झाली की मी सभेत एक प्रश्न विचारते. तुझं काम संपतं आणि त्याचं सुरू होतं, त्या जागी कोण उभं राहणार? लोक वैतागतात. मी उत्तर मिळाल्याशिवाय कुणाला उठू देत नाही.

पाणी आलं त्या दिवशी अख्खी वाडी सपाटीवर होती. आधी नळाने नुसती हवा सोडली, मग तांबडं पाणी, मग स्वच्छ. बायकांनी हळदकुंकू लावलं. बाबूने गोपाळच्या डोक्यावर तांब्या ओतला. मी काकांना शोधत होते. ते दिसेनात. उतारावर खाली गेले, तर ते राजापूरकर आणि देवगडकरांच्या त्या सांध्यापाशी बसलेले. तेवढा पाइप दगडावरून उघडा गेला होता. त्यावर त्यांनी तळहात ठेवला होता, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

"काका, वर चला. पाणी आलं."

"म्हायती आसा. हाताक लागता." त्यांनी वर बघितलं नाही. "गळता काय खय?"

"कुठेच नाही."

"वहिनी खय आसा?"

"घरात आहे. बसलीय."

"खाली येतली?"

"आता कशाला येईल, काका?"

ते म्हणाले, "होय मा. आता कशाला येईल." पण हात त्यांनी काढला नाही. मीही मग त्यांच्या शेजारी बसले आणि माझा हात पाइपवर ठेवला. आत पाणी वर चढत होतं.